आधी रेघ, मग अक्षर

मराठीच्या प्राध्यापिकेने यंत्राविषयी लेख लिहायचा म्हणजे अव्यापारेषु व्यापार! वीस वर्षे मी मुलांचे पेपर तपासते आहे. त्यांची अक्षरे लावता लावता माझ्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. गिचमिड अक्षर वाचण्याच्या कामात आपल्याला कोणी हरवील, आणि तेही एखादे यंत्र, असे मला स्वप्नातदेखील वाटले नव्हते. पण गेल्या वर्षभरापासून आमच्या घरी असा एक पाहुणा मुक्कामाला आला आहे की, त्याच्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

पाहुणा म्हणजे पाटीएवढा एक टॅबलेट आणि त्याच्याबरोबरचे डिजिटल पेन. तो आमच्याकडे का आला, हे आधी सांगितले पाहिजे.

आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. सकाळ झाली की आमच्या गॅलरीतून हिंजवडीला जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग दिसते. माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्याजवळच असतात. वय वर्षे सत्त्याहत्तर. पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर खात्यात त्यांनी उभा जन्म काढला. बोलण्याची भारी हौस. कोकणे चौकात भाजीला गेले तर तासाभरात परत येतील अशी आशा कोणी करू नये. अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी घशाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावे लागले. प्राण वाचला, आवाज गेला.

गळ्याला लावून बोलायचे एक विजेचे उपकरण मिळते. तेही आम्ही आणले. पण त्यातून निघालेला घरघरता सूर ऐकला मात्र, अण्णांनी ते उपकरण पुसून, डब्यात घालून कपाटात ठेवून दिले. मग घरात पाटी आली. नातवाची जुनी पाटी आजोबांच्या मांडीवर गेली.

पाटीने घरातले काम भागले. पण आत्याचे काय? माझी आत्या सासवडला असते. ती अण्णांहून पाच वर्षांनी मोठी. काचबिंदूने तिची दृष्टी गेली आहे. रोज संध्याकाळी सातला दोघा बहीण-भावांचा फोन ठरलेला. आता एकाला आवाज नाही, दुसरीला दृष्टी नाही. अण्णा पाटीवर लिहायचे आणि मी ते फोनवर वाचून दाखवायची, असा दुभाष्याचा धंदा मी चार महिने केला. एके दिवशी अण्णांनी काहीतरी लिहिले, माझ्याकडे पाहिले आणि मी वाचायच्या आत तळहाताने पुसून टाकले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बहिणीला सांगायच्या सगळ्याच गोष्टी मुलीच्या तोंडून सांगता येत नाहीत!

आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी यावर तोडगा काढला. टॅबलेटवर पेनने लिहायचे, यंत्राने ते वाचून छापील अक्षरांत मांडायचे आणि मग मोठ्याने बोलून दाखवायचे. शेजारी फोन ठेवला की सासवडला आत्याला ऐकू जाते. मध्ये कोणी नको. पहिल्या दिवशी अण्णांनी मला हाताने खूण करून खोलीबाहेर घालवले आणि दार लोटून घेतले. वाईट वाटले नाही, उलट बरे वाटले.

नाडीची गाठ

आठ-दहा दिवस सगळे सुरळीत चालले. लहानसहान फजिती होत असे. "भात खाल्ला" असे लिहिले तर यंत्र "मात खाल्ली" म्हणे आणि सासवडला हशा पिकायचा. मग तो दिवस आला.

अण्णांच्या मानेला पुन्हा एक गाठ हाताला लागली होती. तपासणी झाली. गाठ साधी निघाली, कर्करोग नव्हता. दुपारी रिपोर्ट हातात पडला. संध्याकाळी सातला अण्णा मोठ्या उत्साहाने टॅबलेट घेऊन बसले आणि त्यांनी लिहिले : "पुन्हा गाठ नाही."

यंत्र बोलले : "पुन्हा गाठ." मग थांबले. मग बोलले : "नाडी."

त्या थांबण्यात आत्याने हंबरडा फोडला. 'पुन्हा गाठ' आणि पाठोपाठ 'नाडी' ऐकल्यावर दृष्टी गेलेल्या, ब्याऐंशी वर्षांच्या बाईने काय समजायचे? तिच्या हातातला फोन पडला. इकडे अण्णा 'नाही, नाही' असे पुन्हा पुन्हा लिहीत होते आणि यंत्र आज्ञाधारकपणे 'नाडी, नाडी' म्हणत होते. दाराबाहेर मी धावत आले, फोन लावला, कोणी उचलीना. शेवटी सासवडच्या शेजाऱ्यांना गाठून, आत्याच्या हातात त्यांचा फोन देववून खरी हकीकत सांगितली, तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता. त्या पाऊण तासात अण्णा कसे बसले होते ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी टॅबलेट परत कपाटात जाणार होता. पण आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, "ताई, यंत्राला शिव्या नंतर द्या. आधी अण्णा लिहितात कसे ते मला पाहू द्या."

मला वाटले, हे अक्षर पाहतील. ते अक्षराकडे पाहीचनात. अण्णांच्या हाताकडे पाहत बसले.

रांगोळी पाहणे आणि रांगोळी काढताना पाहणे

त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगते. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा उदाहरणही रांगोळीचेच घेते.

दारात काढून पुरी झालेली रांगोळी आपण पाहतो. ती कुठून सुरू केली, कोणती रेघ आधी ओढली, कुठे चिमूट उचलली, हे काही कळत नाही. पण काकू रांगोळी काढीत असताना आपण शेजारी उकिडवे बसलो असलो, तर सारे कळते. यंत्राने अक्षर वाचण्याचेही असेच दोन प्रकार आहेत. कागदावर लिहून झालेल्या मजकुराचा फोटो घेऊन वाचायचा, हा पहिला. पेन चालू असतानाच त्याच्या मागोमाग वाचत जायचे, हा दुसरा. डिजिटल पेनचे काम दुसऱ्या प्रकारचे. यंत्रापुढे अक्षराचे चित्र नसते. हाताची चाल असते.

ती चाल यंत्राला कळते कशी? काही टॅबलेटांच्या काचेखाली तारांच्या बारीक वेटोळ्यांची जाळी असते. तिच्यातून विद्युतचुंबकीय लहरी निघतात. पेनाच्या पोटातले एक छोटेसे वेटोळे त्या लहरींनी जागे होते आणि उत्तर देते. ते उत्तर कोणत्या तारांना सर्वांत मोठ्याने ऐकू आले, यावरून पेन कुठे आहे ते ठरते. अशा पेनाला बॅटरीदेखील लागत नाही. दुसऱ्या एका जातीच्या पेनाला खास कागद लागतो. त्या कागदावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके छापलेले असतात आणि प्रत्येक ठिपका आपल्या जागेवरून किंचित वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे सरकवलेला असतो. पेनातला कॅमेरा त्यांतले मूठभर ठिपके पाहतो आणि आपण कागदावर नेमके कुठे आहोत ते ओळखतो.

पद्धत कोणतीही असो, हाती येते ते एकच : आकड्यांची माळ. सेकंदाला शंभर-दोनशे वेळा, काही यंत्रांत त्याहूनही अधिक वेळा, यंत्र टिपून ठेवते की पेन आडवे इतके, उभे इतके, या क्षणी. दाब किती, हेही बरीच पेने सांगतात. पेन टेकले आणि पेन उचलले, एवढ्यात जी रेघ झाली तो एक फटकारा. आपण 'क' काढतो म्हणजे यंत्राच्या लेखी तीनशे-चारशे आकडे काढतो!

मग त्या आकड्यांची आंघोळ होते. कोणी मोठे लिहितो, कोणी मुंगीएवढे. ते सारे एका मापात आणतात. कोणी भरभर लिहितो म्हणून त्याचे ठिपके विरळ पडतात, कोणी सावकाश लिहितो म्हणून दाट. ते सारख्या अंतरावर मांडतात. हाताच्या कंपाने आलेले दातरे घासून गुळगुळीत करतात.

यानंतर ओळख पटवायची. पूर्वी यंत्राजवळ प्रत्येक अक्षराचे नमुने ठेवलेले असत आणि नवा फटकारा रबरासारखा ताणून किंवा आखडून त्या नमुन्यांशी जुळवून पाहत. आता यंत्राला शिकवतात. हजारो लोकांचे लिखाण आणि 'हे अमुक अक्षर' असे उत्तर, दोन्ही त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवतात. ते चुकते, चूक किती ते मोजले जाते आणि त्याच्या आतले आकडे किंचित फिरवले जातात. असे लाखो वेळा. पहिलीच्या बाई मुलाचा हात धरून गिरवून घेतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त बाईंना कंटाळा यायचा तो इथे येत नाही. शिकलेले यंत्र फटकाऱ्यांची माळ पुढून मागे आणि मागून पुढे, अशी दोन्हीकडून वाचते. कारण पुढचे अक्षर कळल्यावर मागच्याचा उलगडा होणे, हे आपल्याही बाबतीत होतेच की!

शेवटची पायरी भाषेची. हाताच्या चालीवरून यंत्राला एकच उत्तर मिळत नाही. चार-पाच उमेदवार मिळतात. 'भात' असेल, 'मात' असेल. मग भाषेत कोणता शब्द अधिक येतो, कोणत्या शब्दाच्या शेजारी कोणता बसतो, हे पाहून ते निवड करते.

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी त्या गृहस्थांना म्हटले, "म्हणजे 'गाठ' झाल्यावर यंत्राला..."

"लेंग्याची नाडी आठवली असणार!" ते म्हणाले. "त्याच्या पोटात नेमके काय झाले ते मला सांगता यायचे नाही. पण अण्णांच्या 'ह'ची शेपटी हात कापल्यामुळे आखूड पडली, तो 'ड'सारखा दिसला. 'नाही' की 'नाडी', असा प्रश्न पडला आणि शेजारी 'गाठ' होती. पारडे तिकडे झुकले असावे."

सगळ्यांना हसू आले. अण्णांनाही आले. त्यांचे हसणे आता आवाजावाचून असते. खांदे हलतात, एवढेच.

रेघेचे प्रकरण

पण 'ह'ची शेपटी हा अर्धाच गुन्हा होता. अर्धा गुन्हा निराळाच निघाला. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अण्णांना तेच वाक्य पुन्हा लिहायला सांगितले आणि म्हणाले, "ताई, पाहा. अण्णा रेघ आधी ओढतात."

सेहेचाळीस वर्षे मी या माणसाची मुलगी आहे आणि मराठीची एम.ए. आहे. हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते!

आपण शाळेत शिकलो ते असे : आधी अक्षरे काढायची, शब्द पुरा झाला की त्याच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढायची. अण्णा आधी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरे टांगतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. 'पुन्हा गाठ' लिहून झाल्यावर त्यांनी 'नाही'साठी नवी रेघ ओढली. यंत्राला ती रेघ म्हणजे डॅश वाटला. वाक्य तुटले असे समजून त्याने तेवढेच बोलून टाकले, आणि 'नाही' बिचारा उघड्या डोक्याने पुढच्या वाक्यात जाऊन पडला.

अण्णांना विचारले, असे का लिहिता? त्यांनी पाटी मागवली, टॅबलेट नव्हे, आणि लिहिले : "दादांनी शिकवलं."

दादा म्हणजे माझे आजोबा. ते कचेरीत कारकून होते आणि मोडी लिहीत. वाचकांपैकी जुन्या मंडळींना ठाऊक असेल की मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग त्यांना लगटून, हात शक्यतो न उचलता, अक्षरांची साखळी लिहीत जातात. मोडीचे जनकत्व परंपरेने हेमाडपंताला दिले जाते. ते काही असो, पण शतकानुशतके मराठी मुलखाचा कारभार याच धावत्या लिपीत चालला. पुण्याच्या पुरालेखागारात आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात तिचे कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. छापखान्यात बालबोध लिपी बसली आणि मोडी मागे पडली. पुढे शाळेतूनही गेली. अण्णा मोडी शिकले नाहीत. ते बालबोधच लिहितात. पण आजोबांनी त्यांचा हात धरून पहिले अक्षर काढून घेतले ते आपल्या सवयीने : आधी रेघ. लिपी गेली, हाताची चाल तेवढी राहिली. माझ्या नजरेला ती कधी दिसली नाही, कारण मी लिहून झालेले पाहत होते. यंत्राला पहिल्या दिवसापासून दिसत होती. त्याला तिचा अर्थ तेवढा लागत नव्हता.

रेघेचे हे दुखणे एकट्या अण्णांचे नाही. देवनागरी वाचणाऱ्या यंत्रांच्या कर्त्यांपुढे शिरोरेघ हा जुना प्रश्न आहे. कोणी शब्दभर एकच रेघ ओढतो, कोणी अक्षरागणिक ओढतो, आणि मराठी माणूस घाईत असला की ओढीतच नाही. ती आडवी, लांब आणि वरच्या अंगाला असते, या खुणांवरून तिला आधी हुडकून बाजूला काढायचे आणि मग अक्षरे वाचायची, असा उपाय काहींनी केला. पण 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांतला भेद बराचसा रेघेच्या तुटण्यावरच अवलंबून असतो. रेघ काढली की भेदही जातो. मग भात आणि मात!

मराठीचे आणखीही नखरे आहेत. 'कि' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, मग 'क'. उच्चारात आधी 'क्', मग 'इ'. संगणकाच्या कोठारात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने ठेवायची असतात. म्हणजे हाताने दिलेला क्रम यंत्राने उलटा करून घ्यायचा. मात्रा, अनुस्वार हे तर बहुतेक लोक शब्द पुरा झाल्यावर मागे येऊन देतात, जेवण झाल्यावर आठवण होऊन मीठ वाढावे तसे. ते मीठ कोणत्या पानात वाढायचे, हे यंत्राला जागेवरून ओळखावे लागते. 'रव' आणि 'ख' यांत तर माणसेही फसतात. आणि 'आचार्यांना बोलवा' व 'आचाऱ्यांना बोलवा' यांतला फरक एका चंद्रकोरीएवढ्या फटकाऱ्याचा. पण लग्नघरात तो चुकला तर पंगतीची काय अवस्था होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ती चंद्रकोर आपली मराठीची खास. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही हिंदीहून निराळी. 2009 साली महाराष्ट्र शासनाने ती प्रमाण ठरवून दिली. हिंदीच्या नमुन्यांवर शिकलेले यंत्र मराठी हातापुढे अडखळले, तर नवल नाही.

माणसाने शिकावे की यंत्राने?

पेनची चाल तारेवाटे पकडण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेत एलिशा ग्रे याने 1888 साली एका उपकरणाचे पेटंट घेतले. इकडे लिहिले की तारेच्या दुसऱ्या टोकाला तसेच लिहिले जाई. पण ते उपकरण नक्कल करी, वाचीत नसे. 1957 साली तिथल्याच बेल प्रयोगशाळेत टॉम डायमंड यांनी लिहिता लिहिता अक्षर ओळखणारी पाटी केली. 1964 साली रँड संस्थेची पाटी आली. दहा इंच लांबी-रुंदीच्या तिच्या पृष्ठभागावर दहा लाखांवर जागा निरनिराळ्या ओळखू येत. 1993 साली अ‍ॅपल कंपनीने 'न्यूटन' नावाचे हातात मावणारे यंत्र विकायला काढले. ते लोकांचे अक्षर असे काही वाचू लागले की वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रांना तो एक विषयच मिळाला.

त्यानंतरची हकीकत मला फार बोलकी वाटते. 1996 साली 'पाम पायलट' आले. त्याच्या कर्त्यांनी हुशारी अशी केली की यंत्राला माणसाची अक्षरे शिकवण्याऐवजी माणसालाच यंत्राची अक्षरे शिकवली. इंग्रजी 'ए'ची आडवी दांडी काढायची नाही, नुसती उलटी 'व्ही' काढायची. जवळजवळ प्रत्येक अक्षर एका फटकाऱ्यात. लाखो लोक मुकाट्याने ती वळणे शिकले, कारण मग यंत्र चुकत नसे.

आपल्याकडे भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. 1988 साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि आय.आय.टी. कानपूरला सुरू झालेले 'जिस्ट' हे लिपीतंत्र तिच्याकडे पुढे वाढले. त्याच सुमारास केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यातून पुढे हस्ताक्षरे ओळखण्याचीही कामे झाली. 2002 साली बंगलोरला एच.पी. कंपनीची प्रयोगशाळा निघाली. तिथल्या मंडळींनी देवनागरीसह भारतीय लिप्यांच्या अक्षरांचे नमुने गोळा केले आणि ओळखीची साधने सर्वांना खुली केली. 2015 साली गूगलने फोनवर बोटाने किंवा पेनने लिहिण्याची जी सोय आणली, ती ब्याऐंशी भाषांत होती. मराठी त्यांत होतीच. आज कोणालाही आपली वळणे टाकून यंत्राची वळणे शिकावी लागत नाहीत. निदान तसे म्हणतात.

कारण आमच्या घरी नेमका तोच प्रश्न उभा राहिला. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "अण्णा, रेघ नंतर ओढा. एवढेच करा."

अण्णांनी पाटीवर लिहिले : "यानं शिकावं. मी का?"

मला ते पटले. यंत्र हजारो हातांवर शिकले आहे; त्या हजारोंत आधी रेघ ओढणारे हात किती असणार? जो हात शिकवणीच्या वेळी वर्गात नव्हता, त्याला यंत्र ओळखीत नाही. मोडीची सवय असलेले हात आता थोडे राहिले. त्यांच्यासाठी कोण नमुने गोळा करणार? पण आत्याचा तो हंबरडा माझ्या कानात होता. तत्त्वासाठी तिला आणखी एकदा रडवायचे नव्हते.

अखेर तडजोड झाली. पहिली गोष्ट, चिरंजीवांनी यंत्राचे मध्येच बोलणे बंद केले. आता अण्णा सारे लिहून होईपर्यंत ते गप्प बसते. अण्णा छापील मजकूर एकदा वाचतात, चूक असली तर दुरुस्त करतात आणि मगच बोलण्याचे बटण दाबतात. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवे होते. महत्त्वाचे कागद सही करण्यापूर्वी वाचावेत, हे मी स्वतः मुलांना शिकवते! दुसरी गोष्ट रेघेची. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी रेघ अजिबात न काढता लिहून पाहिले. यंत्राने बरेचसे बिनचूक वाचले. रेघ न ओढणाऱ्या मराठी हातांची त्याला ओळख होती. अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि लिहिले : "छप्पर काढून राहायचं म्हणा की." पण ऐकले.

मात्र पाटीवर आणि कागदावर त्यांची रेघ आधीच असते. वाण्याच्या यादीवरसुद्धा.

एक गोष्ट मला अलीकडेच कळली. टॅबलेटवर नुसते लिहून ठेवण्याची जी वही असते, तीत हाताची ती सारी आकड्यांची माळ तशीच राहते. बटण दाबले की लिहिलेले पुन्हा पहिल्यापासून लिहिले जाताना दिसते, त्याच क्रमाने. त्या वहीत अण्णांना रेघ ओढायला मोकळीक आहे. त्यांनी तीत एका दुपारी माझ्यासाठी पुरणाच्या पोळीचे आईचे प्रमाण लिहून ठेवले. मी ते चालवून पाहिले. काळ्या काचेवर आधी एक रेघ आली, किंचित थरथरत, डावीकडून उजवीकडे. क्षणभर काही नाही. मग तिच्याखाली एकेक अक्षर उमटू लागले. आजोबांचे मोडी कागद आमच्याकडे चार-दोन आहेत, पिवळे पडलेले. त्यांवरची अक्षरे दिसतात. हात कसा चालला ते कोणी सांगू शकत नाही. हे मी तीन वेळा चालवून पाहिले.

परवा वसुबारसेला सातचा फोन झाला. दार लोटलेले होते, पण आत्याचा आवाज मोठा आहे. ती विचारीत होती, "काय रे, आधी रेघ ओढतोस ना अजून? का दादांचं सगळं विसरलास?"

थोडा वेळ शांतता होती. पेनचा काचेवर टक्‌टक् आवाज आला. मी फटीतून पाहिले. अण्णांनी रेघ न काढता तीन अक्षरे लिहिली, छापील मजकूर नीट वाचून पाहिला आणि बटण दाबले.

यंत्र स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलले : "ओढतो."